ऋण आबाधेचा अर्थ : समीकरणाच्या पायऱ्या आणि दिशेची परिभाषा

१

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील क्षेत्रव्यवहारात एक लहानसे उदाहरण आहे. त्रिभुजाच्या दोन भुजा १० व १७ आणि भूमी ९ असता लंब, आबाधा व क्षेत्रफळ सांगावे, असा प्रश्न केला आहे. शिरोबिंदूपासून भूमीवर लंब टाकला असता भूमीचे जे दोन खंड होतात, त्यांस ‘आबाधा’ ही संज्ञा आहे. त्या काढण्याची रीती पायऱ्यापायऱ्यांनी दिली आहे. प्रथम दोन भुजांची बेरीज २७ व अंतर ७ यांचा गुणाकार करावा. तो १८९ येतो. त्यास भूमीने भागावे. लब्धी २१ येते. ही लब्धी भूमीतून एकदा वजा करून व एकदा तीत मिळवून प्रत्येक वेळी अर्ध करावे, म्हणजे दोन आबाधा मिळतात. परंतु प्रस्तुत उदाहरणात २१ ही संख्या ९ मधून वजा जात नाही. अशा वेळी भूमीच लब्धीतून वजा करावी, बाकीचे अर्ध करावे आणि येणारी आबाधा ऋण समजावी, असे आचार्य सांगतात. त्याप्रमाणे एक आबाधा ऋण ६ व दुसरी १५ येते; लंब ८ आणि क्षेत्रफळ ३६. आबाधा ऋण कशी, याचा खुलासाही तेथेच आहे : ती विरुद्ध दिशेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. लंब भूमीवर न पडता भूमीच्या वाढविलेल्या रेषेवर, तिच्या बाहेर पडतो.

या उदाहरणावरून परस्परविरुद्ध दोन मते मांडली जाताना आढळतात. ऋण संख्येस दिशेचा अर्थ दिला, त्याअर्थी निर्देशक भूमिती आपल्याकडे बाराव्या शतकातच सिद्ध झाली होती, असे एक मत. ही केवळ हिशेबाची सोय होय, तिच्यात भूमितीय विचार नाही, असे दुसरे. पहिल्या मतात अभिमान अधिक आणि दुसऱ्यात अनास्था अधिक. परंतु दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. ती अशी की, ज्या परिभाषेत हे गणित लिहिले गेले तिच्याकडे दोहोंचेही लक्ष नाही. समीकरणाची प्रत्येक पायरी हे एक विधान असते. त्याला नाव असते, मांडणी असते आणि कारणही असते. ही तिन्ही पाहिल्याखेरीज ऋण सहाचे स्थान निश्चित होणार नाही.

२

अव्यक्त राशीच्या गणिताची व्यवस्थित मांडणी ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ. स. ६२८) आढळते. या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण व शून्य यांच्या परिकर्मांचे नियम आहेत आणि त्यापुढे समीकरणांचे प्रकार सांगितले आहेत. एकाच अव्यक्ताच्या साध्या समीकरणाचा ब्रह्मगुप्ताचा नियम एका ओळीचा आहे : दोन्ही पक्षांतील रूपांचे अंतर उलट क्रमाने घेऊन त्यास अव्यक्तांच्या अंतराने भागावे. ‘रूप’ म्हणजे व्यक्त संख्या. ‘उलट क्रमाने’ या शब्दांत आजच्या ‘चिन्ह बदलते’ या नियमाचे सार आले आहे.

ही समीकरणे लिहीत कशी, हे नवव्या शतकातील पृथूदकस्वामींच्या टीकेवरून स्पष्ट होते. दोन पक्ष एकाखाली एक मांडीत. अव्यक्ताचा वर्ग, अव्यक्त आणि रूप यांच्या जागा ठरलेल्या असत. एखादे पद नसेल तर तेथे शून्य लिहीत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. दोन पक्षांमध्ये समतादर्शक चिन्ह नसे. एकाखाली एक असणे हीच समता. स्थान हेच येथे वाक्यातील क्रियापदाचे काम करते.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०), वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात ही मांडणी परिपक्व झालेली दिसते. पहिल्या अव्यक्तास ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’, असे नाव आहे. पुढील अव्यक्तांस कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे आहेत. या नावांची आद्याक्षरे या, का, नी, पी, लो अशी लिहावयाची. वर्गासाठी ‘व’, घनासाठी ‘घ’, रूपासाठी ‘रू’. समीकरणाच्या प्रकारांना ‘एकवर्ण’ व ‘अनेकवर्ण’ अशी जी नावे आहेत, त्यांतील ‘वर्ण’ या शब्दाचे रंग आणि अक्षर असे दोन्ही अर्थ येथे एकदमच उपयोगी पडतात.

त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण घ्यावे. एका मनुष्याजवळ ३०० रूपे व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याला १०० रूपांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याचे मोल काय? मोलास यावत्तावत् मानले की मांडणी अशी होते :

या ६ रू ३००
या १० रू १०० (टिंबयुक्त, म्हणजे ऋण)

पुढच्या पायरीस ‘समशोधन’ म्हणतात. एका पक्षातील अव्यक्त दोन्ही पक्षांतून सारखेच काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या पक्षातील रूपेही दोन्हींतून सारखीच काढावयाची. पहिल्या पक्षातील या ६ दोहोंतून काढले की खाली या ४ उरतात. ऋण १०० दोहोंतून काढले की वर ४०० रूपे होतात. चार घोड्यांचे मोल ४००, म्हणून एका घोड्याचे १००. हे मोल मूळ कल्पनेत परत घालून पाहिले की दोघांची संपत्ती ९०० येते. परत घालण्याच्या या क्रियेस ‘उत्थापन’ असे नाव आहे.

एकूण पायऱ्या चार झाल्या : कल्पना, न्यास, समशोधन, उत्थापन. त्यांतील ‘समशोधन’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. त्यात क्रियेचे वर्णन आहे तसेच तिचे समर्थनही आहे. दोन समान राशींतून समान काढले तर बाकी समान राहते, हे कारण ‘सम’ या एका पदात साठविलेले आहे. अरबी परंपरेतील ‘अल्-जब्र’ या नावाचा रोख वेगळा आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील अल्-ख्वारिज्मीच्या ग्रंथात या शब्दाने एका पक्षात वजा असलेले पद भरून काढून पक्ष पूर्ववत करणे ही क्रिया अभिप्रेत आहे. एकीकडे शोधन, तर दुसरीकडे भरपाई. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेत ऋण पद हे स्वतंत्र राशी म्हणून आधीच मान्य असल्यामुळे ते भरून काढण्याची वेगळी पायरी तिला लागली नाही.

३

साध्या समीकरणात एकच उत्तर येते. म्हणून उत्तराचा अर्थ लावण्याचा प्रश्न तेथे तीव्रतेने उद्भवत नाही. वर्गसमीकरणात तो टाळता येत नाही. वर्गसमीकरणाच्या रीतीस ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधले पद नाहीसे करणे, हे नाव आहे. तिचा सोयीस्कर नियम भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावाने उद्धृत केला आहे : अव्यक्तवर्गाच्या गुणकाच्या चौपटीने दोन्ही पक्षांस गुणावे आणि मूळ अव्यक्ताच्या गुणकाचा वर्ग दोहोंत मिळवावा.

भ्रमरांच्या उदाहरणात ही रीती स्पष्ट दिसते. थव्याच्या अर्ध्याचे वर्गमूळ एवढे भ्रमर मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांश दुसरीकडे गेले आणि दोन उरले. थवा दोन यावत्तावत्-वर्ग एवढा मानला की त्याच्या अर्ध्याचे मूळ एक यावत्तावत् होते, आणि छेद काढून टाकल्यावर आजच्या लेखनात असे समीकरण येते :

२ क्ष-वर्ग − ९ क्ष = १८

येथे वर्गाचा गुणक २. त्याची चौपट ८. दोन्ही पक्षांस ८ ने गुणले की १६ क्ष-वर्ग − ७२ क्ष = १४४. नवाचा वर्ग ८१ दोहोंत मिळविला की डावा पक्ष (४ क्ष − ९) याचा वर्ग होतो आणि उजवा २२५. मूळ घेतले की ४ क्ष − ९ = १५; म्हणून क्ष = ६ आणि थवा ७२.

परंतु २२५ चे मूळ ऋण १५ देखील आहे, हे भास्कराचार्य जाणत होते. धन व ऋण या दोहोंचाही वर्ग धनच, म्हणून धनाची मुळे दोन, हे ते स्पष्ट सांगतात. दुसऱ्या मुळाचे काय करावयाचे, याचे उत्तर त्यांनी वानरांच्या दोन उदाहरणांतून दिले आहे. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढे वानर वनात खेळत आहेत आणि बारा टेकडीवर आहेत. उत्तरे ४८ व १६ अशी दोन येतात आणि दोन्ही स्वीकारली आहेत. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढे वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसला. येथे उत्तरे ५० व ५ अशी येतात. पाचाने गणित चुकत नाही : पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की ऋण २, त्याचा वर्ग ४ आणि एक मिळून ५. तरीही पाच हे उत्तर ग्राह्य नाही, कारण व्यक्त झालेल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे आचार्य म्हणतात.

हे उदाहरण ऋण आबाधेच्या शेजारी ठेवले की खरा प्रश्न स्पष्ट होतो. एकाच ग्रंथकाराने एका ठिकाणी ऋण दोन नाकारले आणि दुसऱ्या ठिकाणी ऋण सहा स्वीकारले. यात विसंगती नाही. पाचव्या भागातून तीन वानर वजा करावयाचे तर तेवढे वानर असावे लागतात. वानरांच्या गणतीला उलट बाजू नाही. रेषेच्या खंडाला मात्र उलट बाजू असते. पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच निर्दोष आहेत. फरक आहे तो शेवटच्या पायरीत. ती पायरी अर्थनिर्णयाची होय आणि तेथे गणकाला राशीचे स्वरूप विचारात घ्यावे लागते. क्रमवार रीती म्हणजे यांत्रिक रीती, हा समज या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

४

हा अर्थनिर्णय पुढे शास्त्ररूपाने मांडला तो ‘बीजगणिता’चे टीकाकार कृष्ण दैवज्ञ यांनी. त्यांचे घराणे मूळचे विदर्भातील, पुढे काशीस स्थायिक झालेले. ते स्वतः जहांगीर बादशहाच्या आश्रयास होते. ‘बीजपल्लव’ ही त्यांची टीका नियमांची उपपत्ती देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. धनर्णाच्या परिकर्मांची उपपत्ती देताना ते प्रथम ऋणत्व म्हणजे काय याचाच विचार करतात. त्यांच्या मते ऋणत्व तीन प्रकारचे : देशाचे, काळाचे आणि वस्तूचे; आणि तिन्ही ठिकाणी त्याचे स्वरूप ‘वैपरीत्य’ हेच. देशाच्या बाबतीत एकाच रेषेवरील दुसरी दिशा ही विपरीत होय; पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण. काळाच्या बाबतीत भूत व भविष्य परस्परांस ऋण होत. वस्तूच्या बाबतीत स्वतःचे द्रव्य धन आणि दुसऱ्याचे देणे ऋण. पहिल्या प्रकाराचा आधार म्हणून त्यांनी ‘लीलावती’तील ऋण आबाधेचेच वचन घेतले आहे.

भाषेच्या अंगाने पाहता येथे एक महत्त्वाची घटना घडली आहे. ‘ऋण’ हा शब्द मुळात व्यवहारातील, देण्याघेण्यातील. तो गणितात आला तेव्हा कर्जाची छाया घेऊन आला. घोड्यांच्या उदाहरणात ती छाया स्पष्ट आहे. कृष्ण दैवज्ञांनी कर्ज हा ऋणत्वाचा अर्थ न मानता त्याचा एक प्रकार मानला आणि ‘वैपरीत्य’ ही व्यापक संज्ञा वर ठेवली. रूढ शब्दाचा लौकिक अर्थ बाजूस सारून त्यातील संबंध तेवढा वेगळा काढणे, ही शास्त्रीय परिभाषेच्या घडणीतील निर्णायक क्रिया होय.

ज्योतिषग्रंथांतही दिशेचा हिशेब पूर्वीपासून होता, परंतु तो चिन्हांनी नव्हे, शब्दांनी केला जाई. क्रांती उत्तर की दक्षिण, हे नामाने सांगितले जाई आणि दिशा एक असता बेरीज, भिन्न असता अंतर असा नियम दिला जाई. आकाशातील ताऱ्याचे स्थान दोन अंशमानांनी सांगण्याची रूढीही होती. म्हणजे स्थाननिर्देशासाठी संख्यांची जोडी होती, दिशेचा विचार होता, अव्यक्ताचे समीकरण होते आणि ऋणाला दिशेचा अर्थही मिळाला होता. मग निर्देशक भूमितीस उणे काय राहिले?

५

याचे उत्तर तेच त्रिभुज आजच्या रीतीने सोडवून पाहिले की मिळते. भूमीचे एक टोक आरंभबिंदू मानावे, दुसरे टोक क्ष-अक्षावर (९, ०) येथे घ्यावे आणि शिरोबिंदू (क्ष, य) मानावा. पहिल्या टोकापासून शिरोबिंदूचे अंतर १० आणि दुसऱ्यापासून १७. म्हणून :

क्ष-वर्ग + य-वर्ग = १००
(क्ष − ९) चा वर्ग + य-वर्ग = २८९

दुसऱ्यातून पहिले वजा केले की वर्ग निघून जातात आणि ८१ − १८ क्ष = १८९ एवढेच उरते. म्हणून − १८ क्ष = १०८ आणि क्ष = − ६. पहिल्या समीकरणात ही किंमत घातली की य-वर्ग = ६४; म्हणून य = ८ किंवा − ८. ‘लीलावती’ची आकडेमोड हीच आहे. २८९ आणि १०० यांचे अंतर म्हणजेच २७ व ७ यांचा गुणाकार १८९. त्यास ९ ने भागून आलेली लब्धी २१ आणि भूमी ९ यांच्या अंतराचे अर्ध, म्हणजे ६. ऋण सहा दोन्हीकडे एकच आहे.

तथापि दोन गोष्टी येथे नव्या आहेत. पहिली अशी की, य ची किंमत − ८ हीदेखील येते. भूमीच्या खालच्या बाजूस दुसरा तसाच त्रिभुज आहे, हे समीकरण आपण होऊन सांगते. ‘लीलावती’त दिशेचा विचार आबाधेच्या रेषेपुरता आहे; लंबाची उलट दिशा प्रश्नाच्या कक्षेत येत नाही. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. वरील प्रत्येक समीकरण एकेकटे घेतले तरी त्यास अर्थ आहे : पहिले समीकरण हे एक वर्तुळ आहे, दुसरे हे दुसरे वर्तुळ आणि वजाबाकीने आलेले तिसरे ही त्या दोहोंच्या छेदबिंदूंतून जाणारी उभी रेषा. येथे पायरी हाच एक आकार झाला आहे.

ही दृष्टी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आली. देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. फर्माने त्याच सुमारास स्वतंत्रपणे असे मांडले की, दोन अव्यक्तांचे समीकरण हे एक रेषा किंवा वक्र दर्शविते. त्याचा हा निबंध हस्तलिखितरूपाने फिरत राहून १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. भारतीय परंपरेत दोन अव्यक्तांचे समीकरण आले की गणकाची जिज्ञासा पूर्णांकांकडे वळे. उदाहरणार्थ, ३ क्ष + ४ य = २५ असे समीकरण घेतले तर कुट्टकाच्या मार्गाने जाणारा गणक (३, ४) व (७, १) ही धन उत्तरे काढील आणि तेथे थांबेल. फर्माच्या दृष्टीने पाहणाऱ्यास त्या दोन उत्तरांच्या मधली व पलीकडची अखंड रेषा दिसेल. पूर्णांक उत्तरे शोधण्याची भारतीय रीती अत्यंत सूक्ष्म होती. तिच्या मार्गातच रेषा येत नव्हती.

या तुलनेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. देकार्तने ऋण मुळांस ‘खोटी’ मुळे असे नाव दिले होते आणि ऋण निर्देशकांचा नियमित वापर त्याच्या ग्रंथात नाही. वक्र चारही चरणांत पसरलेला दाखविण्याची पद्धत न्यूटनच्या १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिघाती वक्रांवरील ग्रंथात स्थिरावलेली दिसते. वक्राचे समीकरण ज्याच्या हाती आले त्याला ऋणाचा संकोच होता. ऋणाला दिशा आहे हे ज्यांनी सांगितले त्यांच्यापुढे वक्राचे समीकरण नव्हते. निर्देशक भूमितीला दोन्हींची गरज होती. कोणत्याही एका बाजूला संपूर्ण श्रेय देणारे मत या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

६

हे गणित ज्या वाटेने पुढे आले ती वाटही भाषांतून गेली आहे. खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख या दृष्टीने मोलाचा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. परंतु मठाला मिळालेल्या उत्पन्नाची नोंद जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठास दिला, तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल दिले, असा तो मजकूर. सिद्धान्ताची भाषा संस्कृत राहिली, पण सिद्धान्त शिकविणाऱ्या मठाचा निर्वाह मराठीत लिहिला गेला. गणित स्वतः मराठीत येण्यास त्यानंतर सहा शतके जावी लागली.

दरम्यान ‘बीजगणिता’चे शाहजहानच्या कारकिर्दीत, १६३४च्या सुमारास, अताउल्ला रश्दीने फार्सीत भाषांतर केले. त्या फार्सीवरून स्ट्रेचीने १८१३ मध्ये इंग्रजी रूप सिद्ध केले आणि १८१७ मध्ये कोलब्रुकचे थेट संस्कृतावरून केलेले भाषांतर निघाले. मुंबई इलाख्यात शाळांसाठी मराठी गणितपुस्तके तयार होऊ लागली ती याच सुमाराच्या पुढील दशकांत, आणि ती इंग्रजी पुस्तकांच्या आधारे. विषय इंग्रजीतून आला. शब्द मात्र पुष्कळसे जुन्या ग्रंथांतून घेतले गेले. समीकरण, पक्ष, वर्ग, घन, मूळ, करणी, धन, ऋण हे शब्द आजही वर्गात चालतात. काटकोन त्रिकोणाच्या भुजांची ‘भुज’ व ‘कोटी’ ही नावे आधुनिक परिभाषेत बिंदूच्या दोन निर्देशकांकडे आली.

परंतु शब्द राहिले म्हणून त्यांतील विचारही राहिला, असे म्हणता येत नाही. ‘समशोधन’ मागे पडून ‘पक्षांतर’ रूढ झाले. पद एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जाते आणि जाताना चिन्ह बदलते, असे या शब्दाने सूचित होते. ते का बदलते, हे शब्द सांगत नाही. वस्तुतः पद कोठेही जात नाही. दोन्ही पक्षांतून सारखेच काढले जाते. विद्यार्थी ‘बाजू बदलली, चिन्ह बदलले’ असे पाठ म्हणतो, तेव्हा ती पायरी त्याच्यासाठी विधान राहिलेली नसते, विधी झालेली असते. त्याचप्रमाणे आरंभबिंदूच्या डावीकडे ऋण, हा संकेत म्हणून सांगितला जातो. त्यामागे ‘वैपरीत्य’ ही कल्पना आहे आणि कोणती दिशा धन मानावयाची हे निवडीवर अवलंबून आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. जुनी परिभाषा जशीच्या तशी परत आणावी, असा याचा अर्थ नव्हे. पण ‘पक्षांतर’ शिकविताना ‘सम’ हे पद त्याच्यामागे उभे केले पाहिजे, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो.

ऋण सहाचे स्थान आता सांगता येते. ती निर्देशक भूमिती नव्हे, कारण तेथे समीकरण आकार झालेले नाही. ती केवळ हिशेबाची सोयही नव्हे, कारण तेथे संख्येचा अर्थ राशीच्या स्वरूपावरून ठरविलेला आहे आणि पुढे त्या अर्थाची उपपत्तीही दिली गेली आहे. वानरांच्या कळपात जी ऋण संख्या त्याज्य ठरली, तीच रेषेवर ग्राह्य ठरली. पायऱ्या चढून उत्तरापर्यंत पोहोचल्यावर ते उत्तर कशाचे आहे, हे विचारणे ही सोडवणुकीचीच शेवटची पायरी होय. दहा, सतरा आणि नऊ या भुजांचे ते त्रिभुज आजही फळ्यावर काढले तर लंब भूमीच्या बाहेरच पडतो.